कोळ्याचं नाव ठेवण्याआधीची भानगड

नवीन जातीचा कोळी मिळाला की नाव ठेवलं की झालं असं घरच्यांना वाटतं, काकीने तर तुझंच नाव दे म्हणून ऑर्डरच सोडली. नियमात तशी बंदी नाही, पण स्वतःचंच नाव देणाऱ्याला या लाइनीत सगळे हसतात. खरं काम म्हणजे ही जात आधी कुणी लिहून ठेवलेली नाही हे दाखवणं.

माझा होता जंपिंग स्पायडर, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात मिरवेलीच्या पानात घरटं करून बसलेली मादी, आणि तिला चिकटूनच एक नर. स्वतःची बागायत म्हणून बरं, म्हादई अभयारण्यात पकडायचा तर आधी वनखात्याची परवानगी. पण मादी अजून वयात आलेली नव्हती, आणि रंगावरून कोळ्याची जात ठरत नाही. डोळे कसे बसलेत त्यावरून कुळापर्यंत पोचता येतं, पुढे मादीच्या पोटाखालची एपिजाइन, म्हणजे जननेंद्रियाची कडक पट्टी, आणि नराचे पाल्प, म्हणजे तोंडाजवळचे पायासारखे दोन अवयव ज्यांनी तो समागम करतो, हेच बघावे लागतात, ते शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. मग काय, तिला बाटलीत ठेवली आणि केळी कुजवून फळमाश्या वाढवायला लागलो, आई जाम वैतागली.

कात पडल्यावर तिला स्पिरिटमध्ये घातली, सुईने एपिजाइन सोडवून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवली. मांस विरघळलं आणि मायक्रोस्कोपखाली आतल्या नळ्यांचे वेटोळे असे स्वच्छ दिसले की मी चहा विसरलो.

मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, जगातल्या सगळ्या कोळ्यांची ऑनलाइन यादी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियमचा आहे, फुकट, रजिस्टर केलं की जुने संशोधनाचे पेपरही मिळतात. 2022 मध्येच त्यात 50,000 जाती झाल्या, आणि कोळ्यांची नावं कार्ल क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाच्या 1757 च्या पुस्तकापासून धरतात, म्हणजे बाकी प्राण्यांची नावं ज्याच्यापासून धरतात त्या लिनियसच्या पुस्तकाच्याही एक वर्ष आधीपासून, त्यामुळे चाळायला केवढं ते बघा, त्यात काही वर्णनं लॅटिनमध्ये आणि चित्रं नखाएवढी.

वेटोळे एका जुन्या नावाशी जुळले. झालं, नवीन जात गेली! पण त्या नावाखाली फक्त मादीच लिहिलेली, नर कुणालाच माहीत नव्हता, आणि माझा नर तिच्या घरट्याशीच सापडलेला, मादी वयात येईपर्यंत हे नर असे राखण करत बसतात. आता त्याचंच वर्णन लिहितोय, रिवाजाप्रमाणे डाव्या पाल्पची चित्रं काढायची. दोन्ही नमुने पुण्याला झेडएसआयकडे, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे जाणार, लेबलं पेन्सिलने लिहून, पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते.