तुम्ही विचारलंत म्हणून: जेक्सला गावाबाहेर काढायला हवं होतं का?

नाही. जेक्सला मी मर्सी गावाच्या हद्दीबाहेर काढलं नसतं. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला ‘अ टाउन कॉल्ड मर्सी’ हा भाग मला फार जवळचा आहे असं म्हटलं की हाच प्रश्न येतो, आणि माझं ‘नाही’ ऐकल्यावर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: म्हणजे माणूस उपयोगाचा असला की त्याला सगळं माफ? असं मी कधीच म्हटलेलं नाही. दरवेळी तेच ऐकून थकले आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

15 सप्टेंबर 2012 ला तो भाग लागला तेव्हापासून माझ्या ओळखीतले सगळे डॉक्टरच्या, म्हणजे मालिकेच्या काळातून फिरणाऱ्या नायकाच्या, रागाबद्दल बोलतात. हातात पिस्तूल घेऊन तो जेक्सला गावाच्या हद्दीवरच्या दगडांच्या आणि लाकडांच्या रेषेपलीकडे ढकलतो आणि त्याची सोबतीण एमी त्याला थांबवते, एवढंच. मला गाव दिसतं. अमेरिकेचा पश्चिम भाग, 1870 च्या सुमाराचा, पाटीवर वस्ती 81. परग्रहावरून येऊन पडलेल्या जेक्सनं त्यांना कॉलऱ्यातून वाचवलं, काळाच्या दहा वर्षं आधी विजेचे दिवे दिले. त्याच जेक्सनं आपल्या ग्रहावर स्वतःच्याच लोकांना ‘खास प्रशिक्षणासाठी निवड झाली’ असं सांगून नेलं, त्यांची शरीरं कापली, यंत्रं जोडली आणि शस्त्रं केली. नऊ वर्षांचं युद्ध त्या शस्त्रांनी आठवड्याच्या आत संपवलं. त्यांतलाच एक, टेक, आता वेशीबाहेर उभा आहे आणि गावात धान्य येऊ देत नाही. जेक्सला द्या, म्हणतो. गावचा कायदा सांभाळणारा मार्शल आयझॅक म्हणतो, देणार नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली आहेत. एकदा माणूस असा बाहेर फेकला की गाव पुन्हा हिंसेच्या हातात जाईल, हे त्याला कळतं.

आयझॅक मला पटतो, पण ते पडद्यामुळे नाही.

मी सातवीत होते तेव्हा आमच्या गावात गणिताचे एक सर होते. संध्याकाळी देवळाच्या ओसरीत बसवून फुकट शिकवायचे, पुस्तकं स्वतःच्या पगारातून आणायचे. आमच्या घरात व्यवहारी अपूर्णांक येणारी मी पहिली, ती त्यांच्यामुळे. एका पावसाळ्यात फाट्यावर एक माणूस येऊन बसला. सरांच्या आधीच्या गावचा. त्याच्या मुलाला सरांनी वर्गात इतकं मारलं होतं की एक कान कायमचा गेला. तिकडे प्रकरण मिटवलं, सरांची बदली झाली, ती आमच्याकडे. तो माणूस गावात शिरला नाही. दगड उचलला नाही, शिवी दिली नाही. एसटीच्या निवाऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगायचा, “मास्तरला एकदा माझ्यासमोर आणा.”

गावातली मोठी माणसं त्याला समजवायला गेली. त्यांत माझे दादा, म्हणजे वडील. मी मागोमाग गेले. दादा म्हणाले, “झालं ते वाईटच झालं. पण आमच्या पोरांचं भलं करतोय तो माणूस. तुम्ही आता जावा.” तो दादांशी बोललाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “बाळ, तुला दोन्ही कानांनी ऐकू येतं ना?” मी मान हलवली. “माझा पोरगा पण हुशार आहे गं गणितात. आता शाळेत जात नाही. पोरं हसतात.” दादांनी मला घरी पाठवलं. मी त्या दिवशी ओसरीत गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

मग एका रात्री गावातली तरुण पोरं सरांना फाट्यावर ओढत न्यायला त्यांच्या खोलीवर गेली, आणि दादा दारात आडवे झाले. दादांनी बरोबर केलं, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या पोरांतल्या कुणाला त्या मुलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी सरांना नेलं असतं ते त्या बापासाठी नव्हे. पण पहाटे सर गेले. फाट्यावरून नाही, शेताच्या वाटेनं शेजारच्या गावी, तिथून पहिल्या एसटीनं. गावाची सुटका झाली. फाट्यावर जाऊन त्या माणसाला सांगितलं, गेला तो, तुम्ही पण जा.

ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं त्यांनी परस्पर माफी देऊन टाकली, हे मला अजून सलतं. मर्सीतही तोच पेच आहे. 81 जण जेक्सचे उपकार मानू शकतात, त्याला जमावापासून वाचवू शकतात. टेकच्या वतीनं त्याला सोडून देऊ शकत नाहीत.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवट मला फार आवडला होता. जेक्स आपल्या यानासकट स्वतःला उडवून देतो आणि टेक गावाचा राखणदार होतो. आता तो शेवट बोचतो. शांततेच्या काळात माझ्यासारख्याला जागा नाही, असं टेक म्हणतो, आणि त्याला पुन्हा कामच मिळतं. तेही कुणाचं, तर ज्या गावानं जेक्सला आसरा दिला त्याचं. तेव्हाची मी यावर म्हणते, निदान त्याला कुणीतरी ठेवून तरी घेतलं. तिचंही चुकत नाही. आमच्या फाट्यावरच्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

पण मरण्याआधी जेक्स एक गोष्ट करतो, तिच्यासाठी मी तो भाग पुन्हा पुन्हा लावते. तो टेकला विचारतो, तू कुठला? टेक गावाचं नाव सांगतो. जेक्स म्हणतो, सुंदर होतं ते. परत जाशील का, असंही विचारतो, आणि टेक म्हणतो, मी आता राक्षस आहे, कसा जाऊ? सरांनी एवढं केलं असतं तरी मला पुरलं असतं. त्या मुलाच्या बापाला किती पुरलं असतं, ते मी ठरवणार नाही.

तर माझं उत्तर असं: ढकलायचं नाही, लपवायचंही नाही. दिवसाउजेडी, सगळं गाव भोवती उभं असताना, जेक्सनं स्वतःच्या पायांनी रेषेपर्यंत जायचं आणि टेकचं सगळं ऐकून घ्यायचं.

आणि टेकनं गोळी झाडली तर? माझा भाऊ दरवेळी हेच विचारतो. मला अजून सांगता आलेलं नाही. त्या भागात टेकनं जेक्सवर गोळी झाडली तेव्हा आयझॅक मध्ये आला आणि मेला. दादांच्या समोर फक्त गावची पोरं होती.