पाडलेली खोली आणि ३० सप्टेंबरचा पट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांच्या आठवणी अनेकजण लिहितील. शाळाखोल्यांची बांधकामे हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून मी त्याबद्दलच लिहितो. आपल्या मराठवाड्यात निजामकाळातल्या शाळा अजून उभ्या आहेत. काही पाडल्या गेल्या, आणि त्यांतल्या काहींच्या जागी आज नुसते जोते आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या शाळेचे छत कोसळून मुले दगावली. धोकादायक खोली पाडलीच पाहिजे. मात्र पाडण्याची फाईल आणि बांधण्याची फाईल वेगवेगळ्या टेबलांवरून फिरतात. निर्लेखनाला, म्हणजे जुनी इमारत कागदोपत्री बाद करून पाडायला, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, उपअभियंत्यांची पाहणी, मूल्यांकन आणि मंजुरी लागते, आणि मग जुन्या साहित्याचा लिलाव होतो. नव्या खोलीला अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. या दुसऱ्या वाटेत पहिला खोळंबा बहुतेक वेळा सातबाऱ्यावर होतो. गावातल्या कुणीतरी शाळेला जागा तोंडी दिलेली असते, नाव मात्र देणाऱ्याचेच राहते. वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जाते. तेवढ्यात आचारसंहिता लागली की निविदा थांबते.

कार्यारंभ आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडला तर घोटाळा ठरलेला. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून ठेवले आणि काँक्रीट लांबले, तर पहिल्याच पावसात कडा ढासळतात, तळाशी चिखल होतो. तो पूर्ण काढल्याशिवाय काँक्रीट टाकू नये, पण घाईत टाकले जाते. पुढे भिंतींना तिरक्या भेगा पडतात त्या इथून. स्लॅब मे महिन्यात आला तर गावाला पाणी टँकरचे. स्लॅबवर आळी करून किमान सात दिवस, आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला त्याहून जास्त दिवस, पाणी भरून ठेवावे लागते. प्यायला पाणी नसताना ते कोण ठेवणार? असा स्लॅब लवकर गळू लागतो.

काम जोत्यावर किंवा कॉलमवर अडकले तर नुकसान आणखी वाढते. कॉलमच्या उघड्या सळयांचे पापुद्रे निघू लागतात. काम थांबवतानाच त्यांना सिमेंटचे पाणी फासावे, पुन्हा सुरू करताना तारेच्या ब्रशने घासावे, आणि सळईचा व्यास मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेडमध्ये तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर कमी झालेला असतो. पोते फाडल्यावर पोत्याच्याच आकाराचा दगड निघाला, तर तो फोडून, चाळून वापरू देऊ नका.

याची झळ घरांना कशी लागते ते सांगतो. एक खोली गेली की शाळा दोन पाळ्यांत भरते, नाहीतर मारुतीच्या देवळात. सकाळच्या पाळीतला पहिलीचा मुलगा दुपारी बाराच्या आत घरी येतो. आई खुरपणीला गेलेली. मग दुपारच्या पाळीतली पाचवीची बहीण त्याच्यासाठी घरी थांबते, आणि हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर लागते. पाडलेल्या इमारतीबरोबर मुलींचे स्वच्छतागृहही गेलेले असेल, तर सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले काही दिवस येतच नाहीत. ऊसतोडीला जाणारे आई-बाप एरवी पोराला आजीजवळ ठेवतात. शाळा देवळात भरतेय म्हटल्यावर ते त्याला कारखान्यावर सोबत नेतात. ज्यांना परवडते, ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी दारात बोलावतात.

आणि मग ३० सप्टेंबर येतो. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे ते ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन. पट ६४ असलेल्या शाळेतली पाच मुले गाडीने गेली की पट ५९, आणि तिसरे पद धोक्यात. त्याच परिशिष्टात खोल्यांचा हिशेब शिक्षकामागे किमान एक असा आहे. म्हणजे खोली नाही म्हणून मुले जातात, मुले गेली म्हणून शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला की तिसऱ्या खोलीची गरजच कागदावरून पुसली जाते. दिरंगाईचा सगळ्यात मोठा घाव मला हाच वाटतो. खर्च वाढतो तो नंतरचा.

व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यांनी एवढे धरून ठेवावे: नव्या खोलीचा कार्यारंभ आदेश दिसेपर्यंत मुलांना दुसरीकडे बसवा, खोलीला कुलूप लावा, पण ती पाडून जागा मोकळी करायची घाई नको. खोली आजउद्या पडेल अशी असेल तरच अपवाद. पाया दिवाळीनंतर लगेच, स्लॅब फेब्रुवारीच्या आत.

महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या निधीतून कमान उभारावी असे काहींचे मत आहे. माझे मत वेगळे आहे. नव्या खोल्या होईपर्यंत वर्ग भरवायला वीस बाय पंचवीस फुटांचे पत्र्याचे शेड करावे, शेजारी मुलींसाठी दोन स्वच्छतागृहे, पाण्याच्या टाकीसह. कडेची उंची अकरा फुटांच्या खाली नको, नाहीतर मार्चपासून मुले भाजून निघतील. दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत, वर जाळी, आणि पावसाच्या बाजूला झडप. सांगाडा वेल्डिंगचा नको, नट-बोल्टचा हवा. आपल्या खोल्या उभ्या राहिल्या की तो उतरवून शेजारच्या गावाला देता येईल.