खंडूच्या केसांखालचा ओलावा

चिपळूण, ८ ऑगस्ट

पहाटे चारच्या सुमारास माझ्या कुत्र्याच्या, खंडूच्या मागच्या पायाची फरशीवरची ठकठक ऐकून जाग आली आणि दिवा लावण्याआधीच मनात चर्र झाले. उजव्या कानामागचे, गळपट्ट्याखालचे केस चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या. त्या बोटांनी बाजूला केल्या, तेव्हा आत रुपयाएवढा लालबुंद, पाझरणारा चट्टा दिसला. रात्री जेवण देताना याच मानेवरून मी हात फिरवला होता आणि तेव्हा तिथे काहीही नव्हते. डॉक्टर ज्याला हॉटस्पॉट म्हणतात तो असाच काही तासांत वाढतो, कारण खाज सुटली की कुत्रा खाजवतो, खाजवले की कातडी सोलवटते आणि सोलवटलेली ओली कातडी जंतूंना आयतीच सापडते.

अशा चट्ट्यांचा हा तिसरा पावसाळा. खंडू लांब केसांचा जर्मन शेफर्ड, वजन ३८ किलो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत: वर राठ, लांब केस आणि खाली लोकरीसारखी दाट लव. वरचे केस अर्ध्या तासात कोरडे दिसू लागतात. लव मात्र संध्याकाळपर्यंत दमट राहते, आणि ही एक गोष्ट समजायला मला दोन वर्षे लागली याचे फार वाईट वाटते. पहिल्या वर्षी मी चट्ट्यावर हळद आणि खोबरेल तेल लावत राहिले. तेलाने ओल आतच कोंडली आणि ते चाटण्यापायी त्याने जखम दुप्पट केली. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याचे सगळे अंग भादरून घेतले. नंतर केस विरळ, खुरटे आले आणि उन्हापासूनचे त्याचे संरक्षणही गेले. स्टेरॉईडच्या इंजेक्शनने खाज एका दिवसात थांबली खरी, पण तो सारखा पाणी पीत राहिला, रात्रीतून तीनदा लघवीला उठू लागला आणि महिन्याभरात चट्टा परत आला.

अखेर डॉक्टरांनी कातडीवरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात जंतूंबरोबर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशीही निघाली. तेव्हापासून क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावते आणि घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटे अंगावर ठेवते, कारण लगेच धुतला तर तो काम करत नाही. गोचीड-पिसवांचे औषध महिन्याच्या महिन्याला चुकवत नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो वाळवण्यात: ड्रायरचा गार झोत केसांच्या उलट दिशेने धरायचा आणि बोटे थेट कातडीपर्यंत नेऊन पाहायचे.

परवा संध्याकाळी तो अंगणात चिंब भिजला आणि नेमकी वीज नव्हती. दोन पंच्यांनी पुसून, वरून हात फिरवून मी त्याला कोरडा समजले. गळपट्ट्याखाली हात घालून पाहिलेच नाही आणि चट्टा नेमका तिथेच उठला.

सकाळी चट्ट्याभोवतीचे केस बोटभर रुंदीपर्यंत कातरले. कात्री जवळ आली की त्याचा मागचा पाय आपोआप हवेत हलू लागे, पण तो गुरगुरला नाही. माझ्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राहिला. जखम पुसून घेतली, पट्टा काढून टाकला आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला.

आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. चट्ट्याच्या कडा सुकल्या आहेत, मधोमध अजून ओल आहे. पंखा त्याच्याकडे वळवून ठेवला आहे. दोन वाजता उठून पुन्हा पाहीन.