बा अटॉलच्या पाण्यात भेटलेली कवडी

माझ्या नवऱ्याचं पोहणं विहिरीतलं. तुळजापूरजवळच्या गावात चुलत्यांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलून दिलं, चार दिवसांनी डबा सोडला आणि तो पोहायला लागला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला पाण्याला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं मालदीवमध्ये, किनाऱ्यापासून पन्नास-साठ मीटरवर.

लग्नाच्या पंचविशीची ही सहल. रिसॉर्ट निवडताना मी खोल्यांचे फोटो बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, हाउस रीफ, म्हणजे बेटाचं स्वतःचं प्रवाळ, किनाऱ्यापासून किती लांब? कित्येक बेटांभोवती नुसतं उथळ, वाळूचं लगून असतं. दिसायला सुंदर, पण मासे पाहायचे तर दर वेळी बोट घ्या. आम्हाला बा अटॉलमधलं, म्हणजे कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळबेटांच्या एका समूहातलं, एक छोटं बेट मिळालं, जिथं पायऱ्या उतरलं की पाच मिनिटांत प्रवाळ सुरू होतं. मुंबईहून सकाळचंच विमान घ्या, कारण मालेहून पुढे नेणारी सीप्लेनं फक्त दिवसाउजेडी उडतात. आमचे वैमानिक चक्क अनवाणी होते. वरून पाहिलं तर निळ्यावर फिकट हिरव्या बांगड्या टाकून ठेवल्यासारखी बेटं. ‘अटॉल’ हा शब्द जगाला इथल्याच दिवेही भाषेनं दिला, हे तिथं गेल्यावर कळलं.

पहिल्या सकाळी नवऱ्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. पट्टा आवळून काही होईना. शिकवणाऱ्या मुलानं कारण सांगितलं, मिशी. केसांमुळे रबराची कड त्वचेला चिकटत नाही. नवऱ्यानं खोलीत जाऊन नाकाखालची वरची कड तेवढी भादरली आणि पाणी यायचं थांबलं. मिशीवाल्यांनी हे घरूनच करून जावं.

मग आम्ही रीफच्या कडेपर्यंत गेलो. तोपर्यंत खाली पुरुषभर पाणी, प्रवाळाचे गड्डे, त्यावर फिरणारे निळेशार सर्जनफिश. आणि एका ठिकाणी ते सगळं संपतं. तळ सरळ खाली उतरत जातो, निळा रंग काळसर होतो. नवरा तिथंच थांबला, माझं मनगट घट्ट धरलं आणि मागे वळला. किनाऱ्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “विहिरीचा तळ कधी दिसलाच नाही गं. इथं सगळं दिसतंय.”

मी घाई केली नाही. पुढचे दोन दिवस आम्ही कडेच्या अलीकडेच राहिलो, आणि खरं स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडातल्या नळीनं श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगून खाली पाहणं, मला त्या दोन दिवसांत समजलं. हातपाय मारत फिरलं की मासे पळतात. एका जागी नुसतं तरंगत राहिलं, श्वास संथ केला, की दहा मिनिटांत ते तुम्हाला विसरतात. कान पाण्यात असले की फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सतत येतो. तो चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. त्यात मधूनच कुटकुट, ती पोपटमाशांची. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतात आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर आपण पाय पसरून बसतो, त्यातली बरीचशी वाळू अशी तयार झालेली असते.

पण उथळ भागात राखाडी, मेलेले तुकडेही खूप होते. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला, प्रवाळ पांढरं पडलं आणि बरंचसं मेलं. आता लोखंडी चौकटींवर जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधून ते पुन्हा वाढवतात. सनस्क्रीनमधली काही रसायनंही प्रवाळाला अपाय करू शकतात, म्हणून हे पाहिल्यावर मी ती बाटली बॅगेत ठेवून दिली आणि उरलेले दिवस पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घातला. प्रवाळावर पाय ठेवून उभं राहणारे पर्यटक पाहून मात्र जीव तुटायचा.

चौथ्या दिवशी नवरा आपणहून कडेपाशी गेला. माझा हात धरूनच, पण गेला. ससाण्यासारख्या चोचीचं एक हॉक्सबिल कासव त्या काळोख्या निळ्यातून वर आलं, आमच्यासमोर श्वास घेतला आणि परत खाली गेलं. नवऱ्याची पकड तेव्हा सैल झाली.

शेवटच्या संध्याकाळी विजेऱ्या घेऊन उथळ पाण्यात गेलो. रिसॉर्टच्या सागरी जीवशास्त्रज्ञ मुलीनं प्रवाळाच्या एका तुकड्याखाली प्रकाश टाकला. अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी, करड्या रेघांच्या मऊ कातडीत गुंडाळलेलं. पाणी जरा हललं, तसा तो पदर दोन्ही बाजूंनी आत सरकला आणि खालून लखलखीत पिवळसर पाठ उघडी पडली. कवडी. जिवंत.

आमच्या देवघरात सासूबाईंची कवड्यांची माळ आहे, नवरात्रात त्या ती गळ्यात घालायच्या. शेकडो वर्षं आपल्याकडे चलन म्हणून ज्या कवड्या आल्या, त्यांचा मोठा साठा याच बेटांवरून यायचा. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथं काजी होता. त्यानं लिहून ठेवलंय की लोक कवड्या समुद्रातून गोळा करून आतलं मांस जाईपर्यंत खड्ड्यात ठेवत, आणि बंगालचे व्यापारी त्यांच्या बदल्यात तांदूळ देत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण कवडीला असं अंग असतं, तेच अंग तिला ही चकाकी देतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आम्ही हात लावला नाही. विजेरी बाजूला केली. हळूहळू तो पदर पुन्हा पाठीवर चढला. शेजारून नवऱ्याच्या नळीतून आवाज आला, शब्द फुटत नव्हते, पण चाल ओळखीची होती. वर आल्यावर विचारलं, काय म्हणालास?

“आई राजा उदो उदो.”