केस ‘कमिट’ होईना, तेव्हा काय बघायचं

खुनाची केस सेशन्स कोर्टात चालते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोषारोपपत्र आधी मॅजिस्ट्रेटसमोर जातं आणि तिथून केस ‘कमिट’ होऊन वर यावी लागते, हे फिर्यादीला कोणी सांगत नाही. माझा सगळा वैताग या एका टप्प्यावर आहे. तपास, अटक, दोषारोपपत्र मार्गी लागलं. अडलं ते इथं.

वास्तविक काम छोटं. मॅजिस्ट्रेटने पुरावा तोलायचा नसतो; गुन्हा फक्त सत्र न्यायालयातच चालणारा आहे का, एवढंच पाहायचं. कमिटलला साक्षी घेण्याची जुनी पद्धत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोडीत काढली. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३२ खाली (जुन्या संहितेतलं २०९) मॅजिस्ट्रेटने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ९० दिवसांत हे उरकायला हवं. मुदत वाढवायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं.

मग तारखा का पडतात? नकलांपायी. कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत प्रत्येकाला कागदांचा पूर्ण संच मोफत मिळायला हवा. चार आरोपी, चार संच. पंचनाम्याची झेरॉक्स फिकट, एका जबाबाचं मागचं पान गायब, सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह एकच. आरोपीचे वकील ‘नकला अपुऱ्या’ म्हणतात, रोजनाम्यात (केसच्या तारखेवार नोंदीत) तेवढंच उतरतं, पुढची तारीख. त्या तारखेला पुन्हा तेच, कारण नेमकं काय अपुरं हे कुठेच लिहिलेलं नसतं. सहायक सरकारी अभियोक्त्यांना सांगून पान क्रमांकासह यादी रोजनाम्यात घ्यायला लावा आणि तीच यादी पोलीस ठाण्याच्या कोर्ट पैरवीवाल्याच्या (कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसाच्या) हातात द्या. यादी झाली की बहाणा संपतो.

एखादा आरोपी फरार असला तर त्याची केस वेगळी काढून बाकीच्यांची कमिट करता येते. तसा अर्ज कोणीतरी द्यायला लागतो, आपोआप होत नाही. ‘सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) यायचाय’ हे कारण मी तरी मान्य करणार नाही. तो नंतरही दाखल होतो.

फिर्यादीपक्षाने स्वतःचा वकील आधीच लावावा. वकीलपत्र असेल तरच पीडितालाही नकला मिळतात. हे मला उशिरा कळलं.

कमिटलचा हुकूम झाला की नुसतं ‘झालं’ ऐकून परतू नका. आरोपींच्या कोठडीचा किंवा जामिनाचा आदेश, मूळ कागद, मुद्देमाल आणि सरकारी वकिलांना कळवल्याची नोंद, हे चारही हुकमात आहे का पाहा. मुद्देमाल यादीचे क्रमांक पंचनाम्याशी जुळवा. खटल्यात चाकूच्या पाकिटावर भलताच क्रमांक निघाला तर उलटतपासणी तिथेच सुरू होते.

वर गेल्यावर माणसं बदलतात. सत्र विभागाला एक सत्र न्यायालय. प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश केस स्वतःकडे ठेवतात किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांकडे देतात. दोघांनाही फाशीपर्यंतची शिक्षा देता येते, मात्र फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. खालचे अभियोक्ता वर येत नाहीत. तिथे जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील असतात, त्यांना कागद नव्याने वाचायचे असतात. तुमचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो. विशेष सरकारी वकील हवा असेल तर किमान १० वर्षांची वकिली लागते आणि नेमणूक सरकार करतं, म्हणून अर्ज लवकर करा. रोजचं काम मात्र बेंच क्लार्कच्या टेबलावर चालतं. नवा सेशन्स केस नंबर तिथूनच लिहून घ्या, नाहीतर जुन्या नंबरावर तारीख शोधत बसाल.

हो, पॉक्सो, अ‍ॅट्रॉसिटी किंवा एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) विशेष न्यायालयात चालणाऱ्या केसला ही पायरीच नाही, ते न्यायालय थेट दखल घेतं. बाकीच्यांनी कमिटलची तारीख वहीत लिहून ठेवा: आरोपीला दोषमुक्तीचा (आरोप ठेवण्याआधीच केसमधून सुटण्याचा) अर्ज करायला तिथूनच ६० दिवस मोजतात.