कोजागरी ते वसुबारस: अंदमानचा पंधरवडा

अंदमानला जायचं तर डिसेंबर ते एप्रिल, असं प्रत्येक टूरवाला सांगतो आणि त्यात खोटं काहीच नाही. तेव्हा समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, बोटी वेळेवर सुटतात. फक्त हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर त्या काळात संध्याकाळचं दादर स्टेशन उतरलेलं असतं. मला गर्दी सोसत नाही, म्हणून आश्विनातलं अंदमान मी निवडलं. पुढचं सगळं त्याच गणिताबद्दल आहे, कारण ऑफ-सीझनला स्वस्त खोली मिळते या एका वाक्यावर लोक तिकिटं काढतात आणि मग जेट्टीवर बसून टूरवाल्याच्या नावाने बोटं मोडतात.

नावांचं आधी सांगते. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (दोन्ही २०१८ पासून) आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं असतात, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. मीही जुनीच वापरते.

तारखा ठरवताना इंग्रजी महिना बघू नका, कालनिर्णय बघा. आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यात दुर्गापूजा असते आणि सुट्टी लागली की बंगाली कुटुंबं अंदमानला निघतात. पोर्ट ब्लेअरमध्ये आणि हॅवलॉकवर स्वतःचे पूजामंडप असतात ते वेगळेच, कारण हॅवलॉकची बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची आहे. दिवाळी लागली की आपल्याकडच्या शाळा सुटतात आणि मराठी गट येऊन थडकतात. मधला गाळा उरतो तो कोजागरीपासून वसुबारसेपर्यंतचा, जेमतेम बारा दिवसांचा. बंगालच्या शाळा भाऊबीजेपर्यंत बंद असतात, त्यामुळे बेटं अगदी ओस पडत नाहीत, पण हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या सेल्फीत न येता चालता येतं. शाळकरी मुलं असतील तर हा गाळा तुमच्या उपयोगाचा नाही. त्यांनी सरळ फेब्रुवारीतला एखादा लांब शनिवार-रविवार शोधावा.

अधिक मासाकडेही लक्ष द्या. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ साली हाच गाळा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात होता. हवेच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रवास आहेत. अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस झोडपतात, वर्षाकाठी जवळपास ३००० मिलिमीटर. मे महिन्यात आपल्याआधी तिथे मान्सून पोचतो आणि आपल्याकडचा परतला तरी ईशान्येकडचा सुरू होतो. ऑक्टोबर म्हणजे मधला सांधा. वारा दिशा बदलत असतो, दुपारनंतर ढग जमतात, तास-दीड तास धो-धो कोसळून मोकळं होतं. हा पाऊस त्रास देत नाही. त्रास देतं ते कमी दाबाचं क्षेत्र.

"अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होत आहे" ही बातमी आपण महाराष्ट्रात बसून 'म्हणजे चार-पाच दिवसांनी इकडे पाऊस' अशी ऐकतो. तिथे असलात तर त्याचा अर्थ उद्या बोट नाही. बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा दुसरा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद विशाखापट्टणमला जाण्याआधी अंदमानवरून गेलं होतं, नोव्हेंबर २०१३ मध्ये लेहर. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर, हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. दरवर्षी एवढं होत नाही. पण एखाद-दोन दिवस बोटी बंद राहणं ही या मोसमातली नेहमीची गोष्ट आहे, आणि सगळं नियोजन त्या एका शक्यतेभोवती उभं करायचं असतं.

एजंटांचा छापील आराखडा नेमका इथे फसतो. पाच रात्री, सहा दिवस: उतरल्यावर सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट आणि नॉर्थ बे, मग हॅवलॉक, मग नील, नीलहून दुपारच्या बोटीने परत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. फेब्रुवारीत हे खपून जातं. ऑक्टोबरात ही विमानाचं तिकीट बुडवायची तजवीज आहे. शेवटची बोट चुकली की भरपाई करायला पुढे दिवसच उरत नाही. हे त्या लोकांना ठाऊक नसतं असं नाही. आराखडा एकदा छापून झालेला असतो आणि तो वर्षभर चालवायचा असतो. माझा राग त्यावर आहे.

क्रम उलटा करा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला फक्त झोपण्यापुरती, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री, नीलला एक, आणि शेवटच्या दोन रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअर. जेल, रॉस, संग्रहालयं सगळी या शेवटच्या दोन दिवसांत. बोट एक दिवस उशिरा निघाली तर रॉस गेलं, विमान वाचलं. उतरल्या दिवशीच हॅवलॉक गाठायचा मोह होतो, कारण विमानतळापासून हड्डोचा धक्का अर्ध्या तासात येतो. पण पावसाळी हवेत चेन्नई किंवा कोलकात्याहून येणारं विमान घिरट्या घालत राहतं, कधी उतरू न शकल्याने परतही जातं, आणि खासगी बोटी सुटण्याच्या तासभर आधी हजर राहायला सांगतात. ही जोडणी जुळवायला जाऊ नये. मुंबई-पुण्याहून येताना दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतलीत आणि पहिलं रखडलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी कॅटमरान हॅवलॉकला दीड तासात नेतात. बहुतेक बंदिस्त, वातानुकूलित. सरकारी बोटीला अडीच तास लागतात, पण तिला डेक असतो आणि भाडं फारच कमी. ज्यांना बोट लागते त्यांना बंदिस्त डबा जास्त छळतो, कारण क्षितिज दिसत नाही. अशांनी सरकारी बोट घ्यावी किंवा खालच्या मजल्यावर मध्याच्या जरा मागची जागा मागावी. पुढच्या खिडकीच्या जागा फोटोला छान, लाटांत सगळ्यात वाईट. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. जमेल तितकी सकाळची फेरी धरा. दुपारनंतर ढगांबरोबर वारा उठतो आणि रद्द व्हायची असली तर आधी दुपारची फेरी रद्द होते.

फेरी कंपनीने किंवा बंदराने रद्द केली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढची तारीख मिळते. बुडते ती पलीकडच्या बेटावरची खोली. म्हणून ऑफ-सीझनला हॉटेलवाल्याशी भावावरून घासाघीस करण्यापेक्षा त्याला एवढंच विचारा: "बोट रद्द झाली तर रात्र पुढे ढकलाल का?" उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. खोल्या रिकाम्या असल्याने बहुतेक जण हो म्हणतात, आणि पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा हे 'हो' कितीतरी मोलाचं आहे. बोटी पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी रांग लागते. सरकारी बोटीत स्थानिकांना आणि आजाऱ्यांना आधी जागा मिळते, आणि ते योग्यच आहे. आपण फिरायला आलेलो असतो, ते घरी निघालेले असतात.

दुसरं गणित उजेडाचं. अंदमानचं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे पाच-सव्वापाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा सव्वा तास आधी. साडेपाचला काळोख. जेवून, वामकुक्षी काढून चारला बाहेर पडणाऱ्या माणसाला अंदमान दिसतच नाही. हॅवलॉकच्या जेट्टीपासून राधानगरचा किनारा बारा किलोमीटर आहे. तिथला सूर्यास्त हवा असेल तर सव्वातीनला स्कूटर काढा. परतीचा रस्ता झाडीतून जातो, दिवे नाहीत, पावसाने डांबर निसटतं झालेलं असतं. स्कूटर घेतानाच पुढचा दिवा लावून बघा. दिवसा हे कुणाला सुचत नाही.

कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते वारा ठरवतो. राधानगर पश्चिमेला, म्हणून नैर्ऋत्य मोसमात तिथे लाटा मोठ्या. ऑक्टोबरात त्याची शिल्लक उरलेली असते. जीवरक्षकांचा लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातसुद्धा खेचलं जातं. विजयनगर आणि काला पत्थर पूर्वेला, त्या वाऱ्याच्या आडोशाला, पण तिथे ओहोटीला पाणी दूर जातं आणि खडक उघडे पडतात. म्हणजे पोहायचं तर भरतीच्या वेळी. नोव्हेंबरात ईशान्येचा वारा स्थिर झाला की सगळं उलटं: पूर्व बाजू खवळते, राधानगर निवतं. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ, कुठल्याच मोसमात पाण्यात उतरू नका. मगरींच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल फक्त ओहोटीला गाठता येतो आणि पुनव-अमावास्येच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल जाते. कोकणातल्या वाचकांना तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढता येते, पण तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा. तिथे पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं लागतं. तिथल्या खडकांतल्या डबक्यांत पाय ठेवताना साध्या स्लिपर नकोत, पट्ट्याच्या सॅंडल हव्यात.

स्कूबा हॅवलॉकला पोचल्यावर लगेच उरका, शेवटावर ठेवू नका. बुडी मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यायचे असतात आणि हवा बिघडली तर पुन्हा प्रयत्न करायला दिवस हाताशी लागतात. पोहता येत नसलं तरी चालतं. सर्दी झालेली चालत नाही, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही आणि कान दुखून अर्ध्यातून वर यावं लागतं. दमा किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घरूनच न्या. पाण्यात फेब्रुवारीसारखं लांबचं दिसणार नाही, पावसाने गाळ उतरलेला असतो. हे मान्य नसेल तर ऑक्टोबर तुमचा नाही.

एका बाबतीत मात्र हा पंधरवडा सीझनवर मात करतो. रात्री पाण्यात हात फिरवला की उजळणारे सूक्ष्म जीव बघायचे तर अंधार लागतो, आणि कोजागरीनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. गाळ्याच्या उत्तरार्धात हॅवलॉकला असाल असं बघा. वीज गेली तर उत्तमच.

पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून पोवळ्यांच्या बेटांवर जाणाऱ्या बोटीची चौकशी आधी करा. पोवळ्यांना उसंत मिळावी म्हणून जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात. पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किन, साधारण नोव्हेंबरपासून जॉली बॉय. एजंटाच्या पत्रकात फोटो जॉली बॉयचा असतो. प्लास्टिक नेता येत नाही, तपासणी खरोखरच होते आणि पाण्याची बाटली अनामत भरून घ्यावी लागते. बाराटांगच्या गुहांची फेरी मी सुचवत नाही. पहाटे निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, आणि ताफ्यातले निम्मे लोक गुहेसाठी आलेले नसतात, खिडकीतून माणसं दिसतात का ते बघायला आलेले असतात.

पोर्ट ब्लेअरच्या शेवटच्या दोन दिवसांत पाऊस लागला तरी सेल्युलर जेल बघता येतं, कारण कोठड्यांपुढचे सज्जे छताखाली आहेत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. सीझनला त्या दारापुढे फोटोसाठी रांग असते आणि आपलेच लोक "आटपा, बस लागलीय" म्हणून ओरडत असतात. आश्विनात तिथे पाहिजे तितका वेळ उभं राहता येतं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो. छत्री उघडलीत की मागचे बोलतात, म्हणून रेनकोट. दुपारी मोकळा वेळ असेल तर १८८३ सालची चॅथमची लाकूड गिरणी बघा, रविवार सोडून.

सामानात जीन्स नको, चार दिवस वाळत नाही. जेट्टीवर आडवा पाऊस येतो, तेव्हा पाणी न शिरणारी एक पिशवी फोन आणि ओळखपत्रांसाठी हवीच. बोटीवर चढताना मूळ ओळखपत्र मागतात. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, पण वीज गेली की नीलवरच्या दुकानदाराचा क्यूआर कोड नुसता भिंतीवर राहतो. आणि किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, पोवळ्यांचे तुकडे बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. घ्यायचेच असतील तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा, सोडायच्या बॅगेत नको.