रोबोटच्या खांद्याला प्रायमर मिळेपर्यंत

बंदाई कंपनीचे १/१४४ प्रमाणातील रोबोटचे किट आहे तसे जोडले, तर त्याला गोंद लागत नाही आणि रंगही लागत नाही. तुकडे एकमेकांत खटकन बसतात आणि प्लास्टिक मुळातच रंगीत असते. मला मात्र त्याचे खांदे रुंद करायचे होते, पाठीवर जादा टाक्या बसवायच्या होत्या आणि ढालीवर सोलापुरी चादरीच्या नक्षीचा पट्टा रंगवायचा होता. कापणे, जोडणे, घासणे हे सगळे सुट्टीत निर्वेध पार पडले. अडले ते प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी फवारायच्या अस्तराच्या, एका डब्यापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

वाढवलेल्या खांद्यात किटचे करडे प्लास्टिक, पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा पांढरा पत्रा आणि फटी बुजवायच्या लांबीचे थर असे तीन रंग शेजारी-शेजारी येतात. प्रायमरचा एकसारखा थर बसल्याशिवाय कुठे ओरखडा राहिला आणि कुठे खड्डा, हे डोळ्यांना कळत नाही. हा डबा ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवत नाहीत, हे मला मान्य होते. विक्रेत्यानेही तो रस्त्यानेच पाठवला. पार्सल सोलापुरात पोहोचले आणि कुरियरच्या कार्यालयात अडकून पडले. डब्यातल्या रसायनाची माहिती देणारे सुरक्षा पत्रक आल्याशिवाय देता येणार नाही, असे खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले. विक्रेता म्हणाला, पत्रक पार्सलसोबतच आहे. कार्यालय म्हणाले, ते पुण्याहून ईमेलने यायला हवे. पुण्याला फोन केला, तर उत्तर मिळाले की कागद सोलापूरच्या शाखेतच असणार, तिथे विचारा. दरम्यान मे महिन्याचे ऊन ४० अंशांच्या वर गेले होते आणि ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असे छापलेला तो डबा पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. शेवटी मागच्या बाजूला पार्सले लावणाऱ्या एका वयस्कर मामांनी खोके उलटे केले, तळाला चिकटवलेली पारदर्शक पिशवी दाखवली आणि म्हणाले, "कागद हितंच हाय की ओ!" खिडकीवरच्या गृहस्थांनी न बोलता शिक्का मारला.

म्हणून विक्रेत्याकडून पत्रकाची प्रत आपल्या मोबाइलवर आधीच मागवून घ्यावी आणि किट व प्रायमर यांची ऑर्डर वेगवेगळी द्यावी, म्हणजे डब्यापायी किट अडकत नाही. वैतागून गाड्यांच्या रंगाच्या दुकानातले थिनर मात्र आणू नये. ते पॉलिस्टायरीन विरघळवते.

लांबीचे सांगायचे राहिले. किटचे तुकडे ज्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्याचे बारीक तुकडे प्लास्टिकच्या पातळ सिमेंटमध्ये, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवात, विरघळवले की फटी बुजवायला किटच्याच रंगाची लांबी तयार होते. तिचा मला अजूनही अभिमान वाटतो. ती पूर्ण सुकायला वेळ घेते, घाईने घासल्यास नंतर खचते. टाक्यांसाठी टाकाऊ डबी वापरायची असल्यास तळावरच्या त्रिकोणात ६ आकडा, म्हणजे पॉलिस्टायरीन, आहे का ते पाहावे; ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला हे सिमेंट धरत नाही.

घासताना ४०० नंबरच्या कागदापासून सुरुवात करून ८०० पर्यंत जावे आणि कागद ओला ठेवावा. फवारणी सकाळी लवकर, वारा नसताना करावी, कारण आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग पिठासारखा खरखरीत होतो. ढालीवरची नक्षी मी मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून रंगवली. शेवटचा मॅट थर अजून बाकी आहे. दमट हवेत तो पांढरट पडतो, त्यामुळे पावसाळा सरल्यावरच तो देणार आहे, आणि त्याचा डबा कुरियरने न मागवता पुण्याला जाणाऱ्या मित्राकरवी आणणार आहे.